आधी रोहित्राची जागा

जुलै २०२२ मध्ये पश्चिम लंडनमधल्या घरबांधणी कंपन्यांच्या हाती ग्रेटर लंडन प्राधिकरणाचे एक टिपण पडले. हिलिंग्डन, ईलिंग आणि हाउन्स्लो या तीन पालिकांच्या हद्दीत मोठ्या गृहप्रकल्पाला नवी वीजजोडणी हवी असेल, तर काही ठिकाणी २०३५ उजाडेपर्यंत थांबावे लागेल, असा त्याचा मथितार्थ होता. जमीन ताब्यात आहे, नकाशे मंजूर आहेत, पैशांची सोय झाली आहे आणि लंडनमध्ये घरांची टंचाई तर कायमचीच. तरीही काम सुरू करण्यात अर्थ नाही, कारण बांधलेल्या घरात दिवा लागण्याची खात्री नाही. २०१९-२० या एका वर्षात या तीन पालिकांत मिळून जवळजवळ ५,००० घरे तयार झाली होती; त्या वर्षीच्या लंडनमधल्या नव्या घरांत त्यांचा वाटा सुमारे ११ टक्के होता. शहराचा एवढा मोठा भाग एका जोडणीपायी अडून बसला.

ब्रिटनमध्ये तेव्हा विजेचा दुष्काळ पडला होता का? अजिबात नाही. वीज तयार होत होती, पण ती या भागात आणून सोडणाऱ्या उपकेंद्रांची क्षमता आधीच वाटली गेली होती. लंडनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या एम-४ महामार्गालगत फायबर ऑप्टिक केबलचे मोठे जाळे आहे आणि ते पुढे अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेपर्यंत जाते. या केबलच्या आधाराने डेटा सेंटरे तिथे एकामागून एक उभी राहिली. एकेक डेटा सेंटर एखाद्या गावाएवढी वीज मागते. अर्ज ज्या क्रमाने आले त्या क्रमाने क्षमता राखून ठेवली गेली, आणि घरे बांधणारे रांगेत मागे राहिले.

या प्रसंगातून निघालेला मार्ग मूळ संकटाइतकाच महत्त्वाचा आहे. वीज कंपन्या, नियामक आणि प्राधिकरण एकत्र बसले तेव्हा एक साधा प्रश्न पुढे आला. हजार घरांचा प्रकल्प पूर्ण व्हायला आठ-दहा वर्षे लागणार असतील, तर हजार घरांची वीज पहिल्याच दिवशी राखून ठेवायची कशाला? पहिल्या टप्प्यापुरती आज घ्या, उरलेली इमारती उभ्या राहतील तशी घ्या. लहान मागणीच्या प्रकल्पांना या रीतीने वाट मिळाली आणि अडकलेली बरीच कामे मार्गी लागली. नवे उपकेंद्र न उभारता, केवळ मागणीचे वेळापत्रक नीट लिहून हे साधले.

नव्या वसाहतीच्या विजेचा विचार करताना आपल्याकडे सर्वांत आधी छतावरचे सौर पॅनेल डोळ्यांसमोर येते. जाहिरातीतही तेच झळकते. पण वसाहत पुढची चाळीस वर्षे शाश्वत विजेवर चालेल की नाही, याचा निकाल पॅनेल बसण्याच्या किती तरी आधी लागलेला असतो. रोहित्र कुठे ठेवले, केबलच्या चरात जादा पाइप टाकून ठेवले का, संध्याकाळी सातला किती वीज लागेल हे कोणी मोजले का, यावर तो ठरतो. पॅनेल नंतरही बसवता येते. पण रस्ता काँक्रीटचा झाल्यावर त्याखालून केबल नेणे फार महाग पडते, आणि बगीचा झालेल्या जागेत दुसरे रोहित्र ठेवायला एकही रहिवासी संमती देत नाही.

आराखड्याची सुरुवात मागणीच्या अंदाजापासून होते, आणि इथे पहिल्यांदा पाहणाऱ्याला हिशेब चुकल्यासारखा वाटतो. एका फ्लॅटमध्ये दीड टनाचा एसी दीड किलोवॉटच्या आसपास, साठवणीचा गिझर दोन किलोवॉट, इंडक्शन शेगडी दोन किलोवॉट, वर वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर, पंखे, दिवे. बेरीज सहज आठ किलोवॉटवर जाते. मग शंभर फ्लॅटच्या इमारतीला आठशे किलोवॉट लागतील का? नाही. लग्नाला आठशे पाहुणे असले तरी कार्यालयात आठशे पानांची पंगत एकदम कोणी मांडत नाही, कारण सगळे एकाच वेळी जेवायला बसत नाहीत. विजेचेही तसेच असते. कोणाचा गिझर सहाला लागतो, कोणाचा आठला. एका घरी एसी चालू असतो तेव्हा शेजारच्या घराला कुलूप असते. ब्रिटनमधल्या घराची मुख्य जोडणी वीस किलोवॉटपर्यंतचा भार पेलू शकते, पण गॅसवर तापवल्या जाणाऱ्या घरांच्या वसाहतीसाठी वाहिनी आखताना तिथले अभियंते दर घरामागे दोन किलोवॉटच्या आसपासच धरत आले आहेत. घरे जितकी जास्त, तितकी ही सरासरी भरवशाची.

हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालला, कारण लोकांच्या सवयी वेगवेगळ्या होत्या. आता तीन गोष्टी या सवयींना एका वेळेवर आणत आहेत. एप्रिल-मे महिन्यांत रात्री दहा वाजता शहरातले सगळे एसी एकदमच चालू असतात. उकाडा सगळ्यांना सारखाच होतो. स्वयंपाक गॅसवरून विजेवर येऊ लागला, तर संध्याकाळचे दोन तास सगळ्यांचे सारखेच. नेदरलँड्समध्ये १ जुलै २०१८ पासून नव्या घरांना गॅसची जोडणी देणे बंद झाले आणि तिथे घर तापवण्याचा भारही विजेवर आला. जून २०२२ मध्ये त्या देशाच्या दक्षिणेकडील नॉर्थ ब्राबांट आणि लिम्बुर्ख या प्रांतांत ग्रिडमध्ये जागा नसल्याने मोठ्या ग्राहकांच्या नव्या जोडण्या थांबवाव्या लागल्या. युरोपातल्या सर्वांत नियोजनबद्ध समजल्या जाणाऱ्या देशावर ही वेळ आली, हे आपल्या नगररचनाकारांनी ध्यानात घ्यायला हवे.

तिसरी गोष्ट म्हणजे पार्किंगमधली विजेवरची गाडी. तिचा हिशेब सविस्तर करून पाहण्यासारखा आहे.

समजा, एका सोसायटीत अशा शंभर गाड्या आहेत. प्रत्येक गाडी रोज सरासरी ४० किलोमीटर धावते आणि एका युनिटमध्ये सुमारे ७ किलोमीटर जाते. म्हणजे गाडीमागे रोज सहा युनिटांहून थोडी कमी वीज लागते. शंभर गाड्यांना मिळून पावणेसहाशेच्या आत. घरी लावायचा साधा चार्जर ३.३ किलोवॉटचा असतो. त्याला ही वीज भरायला पावणेदोन तास पुरतात. आता सगळे जण ऑफिसातून परतल्यावर रात्री आठच्या सुमाराला प्लग लावतात असे धरले, तर एकट्या गाड्यांची मागणी ३३० किलोवॉट होते. ३१५ केव्हीएचे एक आख्खे रोहित्र यातच संपले, आणि नेमके तेव्हाच घराघरांत स्वयंपाक चालू आहे, एसी लागले आहेत, लिफ्ट वर-खाली करत आहेत. हीच वीज रात्री दहा ते सकाळी सात या नऊ तासांत विभागून दिली तर मागणी ६५ किलोवॉटच्या आत राहते. गाड्या तेवढ्याच, युनिटे तेवढीच, सकाळी बॅटरी तितकीच भरलेली. फरक मात्र पाचपटीचा.

म्हणून नव्या वसाहतीत प्रत्येक पार्किंगपाशी मोठा चार्जर देण्यापेक्षा सगळ्या चार्जरांवर लक्ष ठेवून वीज वाटून देणारी यंत्रणा बसवणे शहाणपणाचे. रोहित्रावर किती भार आहे ते पाहून ती चार्जरांचा वेग कमी-जास्त करते. ही यंत्रणा नंतर बसवता येते, अट एकच: पार्किंगपर्यंत केबलचा ट्रे, संदेशवहनाची तार आणि मीटर रूममध्ये जादा पॅनेलची जागा पहिल्यापासून हवी. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती करून पार्किंग क्षमतेच्या २० टक्के वाहनांसाठी चार्जिंगची सोय सुचवली आणि सगळे चार्जर एकदम चालले तर लागणाऱ्या भाराच्या सव्वापट क्षमता धरायला सांगितले. महाराष्ट्राच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणानेही नव्या निवासी प्रकल्पांतल्या पार्किंगसाठी २० टक्क्यांचीच अपेक्षा ठेवली. दिशा योग्य आहे. पण सव्वापटीचा नियम तंतोतंत पाळला, तर वर्षातून क्वचितच पूर्ण वापरल्या जाणाऱ्या तांब्या-अ‍ॅल्युमिनियमवर खर्च होतो, आणि तो शेवटी फ्लॅटच्या किमतीत जातो. भार नियंत्रित करणारी यंत्रणा बसवणाऱ्या प्रकल्पाला यात सवलत देणे अधिक न्यायाचे ठरेल.

आता रोहित्राकडे वळू. वीज उपकेंद्रातून वसाहतीपर्यंत ११ किंवा २२ किलोव्होल्टच्या उच्चदाब वाहिनीने येते. वसाहतीतले रोहित्र तिचा दाब उतरवते आणि तिथून पुढे २३० व्होल्टची लघुदाब वीज घरोघरी जाते. दाब जास्त असेल तर तेवढीच वीज न्यायला प्रवाह कमी लागतो, आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चारशे किलोवॉटचा भार ४१५ व्होल्टच्या तीन फेज वाहिनीतून नेला तर साडेपाचशेहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो. ११ किलोव्होल्टवर एकवीस अँपिअर पुरतात. तार एकसारखी धरली तर दोहोंतल्या गळतीत सुमारे सातशे पटींचे अंतर पडते. प्रत्यक्षात लघुदाबाला कितीतरी जाड केबल वापरतात आणि गळती आटोक्यात ठेवतात. पण त्या जाडीचे पैसे मोजावे लागतातच.

यातून निघणारा नियम सोपा आहे. उच्चदाब वाहिनी वसाहतीच्या पोटात जितकी आत नेता येईल तितकी न्यावी आणि रोहित्र भाराच्या मध्यभागी ठेवावे. प्रत्यक्ष नकाशांत मात्र रोहित्र बहुधा प्रवेशद्वाराशेजारच्या टोकाच्या कोपऱ्यात सापडते, कारण मधली जागा विक्रीयोग्य असते आणि रोहित्राचे दर्शन कोणाला नको असते. मग शेवटच्या इमारतीपर्यंत तीनशे-चारशे मीटर लघुदाब केबल ओढली जाते. तिथल्या रहिवाशाला उन्हाळ्याच्या रात्री एसी धड चालत नाही, पंखा मंद होतो, आणि तो वीज कंपनीला दोष देतो. चूक बऱ्याच आधी नकाशावर झालेली असते.

रोहित्र किती मोठे घ्यावे, यातही दोन्ही बाजूंनी चुका होतात. लहान घेतले तर जळते. मोठे घेतले तर वसाहत भरेपर्यंतची दोन-चार वर्षे ते जवळपास रिकामे चालते, आणि रिकामे रोहित्रही आपल्या लोखंडी गाभ्यात वर्षाचे ८,७६० तास थोडी थोडी वीज खात राहते. त्यापेक्षा ६३० केव्हीएच्या एका रोहित्राऐवजी ३१५ केव्हीएच्या दोन रोहित्रांची जागा ठेवावी, पहिले आज बसवावे आणि दुसरे निम्मी घरे भरल्यावर. एक नादुरुस्त झाले तर दुसऱ्यावर लिफ्ट आणि पाण्याचे पंप तरी चालू राहतात. रोहित्र घेताना त्यावरचे स्टार लेबल पाहणेही तितकेच गरजेचे. फ्रिजचे स्टार आपण दुकानात वाकून वाचतो. पंचवीस-तीस वर्षे अखंड चालणाऱ्या यंत्राचे मात्र सहसा कोणी वाचत नाही.

वसाहतीला वीज एकाच बाजूने येत असेल तर त्या एका केबलवर जेसीबीचा दात बसला की सगळी वसाहत अंधारात जाते. म्हणून मोठ्या प्रकल्पांत उच्चदाब वाहिनीचे वर्तुळ करतात आणि प्रत्येक रोहित्रापाशी रिंग मेन युनिट, म्हणजे बोलीतले आरएमयू, बसवतात. बिघाड झालेला तुकडा दोन्हीकडून तोडायचा आणि बाकीच्यांना दुसऱ्या बाजूने वीज द्यायची. वर्तुळ असले तरी ते फिरवायला किती वेळ लागतो, हा प्रश्न उरतोच. २० मार्च २०२५ च्या रात्री पश्चिम लंडनमधल्या हेज भागातल्या नॉर्थ हाइड उपकेंद्राला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी हीथ्रो विमानतळ दिवसाचा बहुतेक काळ बंद राहिला. विमानतळाला तीन ठिकाणांहून वीज मिळत होती. एक ठिकाण गेल्यावर आतले जाळे उरलेल्या दोनांवर वळवायला काही तास लागणार होते, आणि त्या तासांत जगभरची विमाने अडकली. गृहप्रकल्पाला एवढी मोठी किंमत मोजावी लागत नाही, पण विसाव्या मजल्यावर राहणाऱ्या आजींना लिफ्टशिवायचे चार तास फार मोठे असतात. दुरून चालवता येणारे आरएमयू थोडे महाग पडते. ते घ्यावे.

पाण्याचा विचार तर महाराष्ट्राला टाळताच येणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, उपनगरांचे रस्ते बुडाले आणि अनेक भागांत वीज बंद ठेवावी लागली. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये चिपळूणला पुराने हाच धडा दिला. तरीही मीटर रूम आणि विद्युत पॅनेल तळघरात ठेवण्याची सवय सुटलेली नाही. वीज पाण्याखाली गेली की पाणी उपसणारा पंपही थांबतो, आणि मग तळघर भरतच राहते. पूररेषेपेक्षा उंच जोत्यावर पॅनेल ठेवणे हा आराखड्यातला स्वस्तातला उपाय आहे. बांधकाम झाल्यावर तोच फार महाग होतो.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या नैर्ऋत्येला बॅबकॉक रँच नावाचे नवे गाव वसते आहे. पहिली कुटुंबे २०१८ मध्ये राहायला आली. पुढे १९,५०० घरांची योजना आहे. गावालगत फ्लोरिडा पॉवर अँड लाइट या वीज कंपनीची मिळून सुमारे १५० मेगावॉटची दोन सौर केंद्रे आहेत. २८ सप्टेंबर २०२२ ला ‘इयन’ चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळले, राज्यातल्या वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, आणि बॅबकॉक रँचमधले दिवे चालू राहिले. बातम्यांनी याचे श्रेय सौर पॅनेलना दिले. ते अर्धेच खरे आहे. पॅनेल वादळात टिकली हे मोठेच, पण रात्री आणि दाट ढगांत ती वीज देत नाहीत. गावातल्या सगळ्या वाहिन्या जमिनीखाली होत्या, गावाकडे येणारी वाहिनी मजबूत खांबांवर होती, वस्तीसाठी उंच जमीन निवडली होती आणि पाणी मुरायला तळी व पाणथळी राखल्या होत्या. वादळात गाव या तयारीमुळे तरले. कोकणात ‘निसर्ग’ चक्रीवादळाने जून २०२० मध्ये हजारो खांब आडवे केले, तेव्हा अलिबाग-श्रीवर्धनकडच्या गावांनी कित्येक दिवस अंधार सोसला. किनाऱ्यावर नव्याने वसणाऱ्या प्रत्येक वसाहतीने भूमिगत केबलचा खर्च पहिल्याच दिवशी धरायला हवा.

सौर विजेची खरी ताकद आणि मर्यादा मात्र समजून घ्यायला हवी. महाराष्ट्रात एक किलोवॉटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते आणि त्याला साधारण दहा चौरस मीटर मोकळी, सावली नसलेली जागा लागते. दुमजली रो-हाऊसच्या छतावर तीन किलोवॉट सहज मावतात. महिन्याला साडेतीनशे युनिटांच्या आसपास वीज मिळते आणि कुटुंबाची गरज भागून उरते. गुजरातमधल्या मोढेरा गावात तेराशेहून अधिक घरांवर एकेक किलोवॉटची पॅनेल बसवली, जवळच्या सुज्जनपुऱ्याला सहा मेगावॉटचे सौर केंद्र आणि बॅटरीची साठवण उभी केली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ते देशातले पहिले चोवीस तास सौर विजेवर चालणारे गाव म्हणून जाहीर झाले. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. घरे बैठी, छते मोकळी, वस्ती आटोपशीर. तिथे हे गणित जुळते.

वीस मजली इमारतीत ते जुळत नाही. मजल्यावर चार याप्रमाणे ८० फ्लॅट. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, जिन्याचे टोपरे वजा जाता तीनशे चौरस मीटर उरले असे धरू. त्यावर ३० किलोवॉट बसतील आणि महिन्याला ३,६०० युनिट मिळतील. ८० घरांचा वापर घरटी २०० युनिट धरला तरी १६,००० होतो. गच्चीतून पाव हिस्साही निघत नाही. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचे कॉमन बिल मात्र त्यातून बरेचसे भागू शकते, आणि उंच इमारतीच्या सौर यंत्रणेचे उद्दिष्ट प्रामाणिकपणे तेवढेच ठेवावे. उरलेली हरित वीज बाहेरच्या सौर किंवा पवन केंद्रातून ग्रिडमार्गेच यायला हवी. शंभर टक्के सौर इमारत अशी जाहिरात दिसली की गच्चीचे क्षेत्रफळ विचारावे.

बैठ्या वस्तीत उलटी अडचण येते. नेदरलँड्समधल्या आमर्सफूर्ट शहराच्या नीउलांड या नव्या उपनगरात शतकाच्या वळणावर सुमारे पाचशे घरांच्या छतांवर मिळून तेराशे किलोवॉटच्या आसपास पॅनेल बसवली गेली. एवढी दाट सौर वस्ती तेव्हा जगात क्वचितच होती. नंतर अभियंत्यांनी तिथल्या जाळ्याचा अभ्यास केला, तेव्हा काही परिस्थितींत पॅनेलचे इन्व्हर्टर आणि लघुदाब वाहिनी एकमेकांना बाधतात, विजेचा तरंग बिघडतो आणि इन्व्हर्टर विनाकारण बंद पडतात असे दिसले. भर दुपारी छतांवर वीज उतू जात असते आणि घरात माणसे नसतात. ती वीज उलटी रोहित्राकडे निघाली की वाहिनीच्या टोकाला दाब वाढतो. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली चालतो, म्हणजे सुमारे २१६ ते २४४. तो ओलांडला की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो आणि ऊन असूनही पॅनेल बसून राहते. यासाठी केबल सुरुवातीलाच एक माप जाड घालावी, लघुदाब वाहिनी आखूड ठेवावी, आणि दुपारचे ऊन वापरून पाण्याच्या टाक्या भरण्याचे व गाड्या चार्ज करण्याचे वेळापत्रक लावावे. महावितरणच्या स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतल्या वापराला २०२५ मध्ये दरात सवलत जाहीर झाली, ती याच विचारातून. सोसायटीच्या पंपाला टायमर बसवायला फारसा खर्च येत नाही.

मागणी कमी करणे हे काम वास्तुशिल्पज्ञाच्या हाती आहे. डिसेंबर २०१८ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. भिंती आणि खिडक्यांमधून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटच्या वर जाऊ नये, अशी तिची मर्यादा आहे. पश्चिमेच्या भिंतीला सज्जा, काचेला सावली, समोरासमोर खिडक्या एवढ्याने रात्रीचा एसी दोन तास उशिरा लागतो. हजार फ्लॅटच्या वसाहतीत त्या दोन तासांनी रोहित्राचे माप बदलते. विद्युत अभियंता आणि वास्तुशिल्पज्ञ एका टेबलाशी लवकर बसले तरच हा फायदा पदरात पडतो. एरवी इमारतीचा नकाशा पूर्ण झाल्यावर विजेचा ठेकेदार बोलावला जातो आणि उरलेल्या जागेत त्याला सगळे बसवावे लागते.

वीज गेल्यावरची सोय म्हणून प्रत्येक प्रकल्पात डिझेल जनरेटर असतो. एक लिटर डिझेलमागे तीन ते साडेतीन युनिट मिळतात. म्हणजे इंधनाचाच खर्च युनिटमागे पंचवीस रुपयांच्या वर जातो, धूर आणि आवाज वेगळाच. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांपुरती बॅटरी ठेवून जनरेटर लहान करणे आता परवडू लागले आहे. त्यासाठी अत्यावश्यक भाराची वायरिंग मात्र सुरुवातीपासून वेगळी हवी. ती मिसळलेली असेल तर बॅटरी कितीही मोठी घ्या, पुरत नाही.

कायदा आता ग्राहकाच्या बाजूला झुकला आहे, आणि ही चांगली गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. छतावरच्या १० किलोवॉटपर्यंतच्या सौर यंत्रणेला तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही, आणि ५ किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणेसाठी वाहिनी मजबूत करायची झाली तर खर्च वीज कंपनीने करायचा आहे. विजेच्या गाडीसाठी रहिवाशाला स्वतंत्र जोडणी मागता येते. सोसायटीला एकच मोठी जोडणी हवी की प्रत्येकाला वेगळी, हे रहिवाशांच्या बहुमताने ठरते. त्याच महिन्यात सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेला ७८,००० रुपये, आणि सोसायटीच्या सामाईक सोयींसाठी, चार्जिंगसह, ५०० किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. पण गच्ची टाक्यांनी आणि मोबाइल टॉवरने भरून टाकलेली असेल, तर हे अनुदान त्या सोसायटीच्या काही कामाचे नाही.

म्हणून नव्या प्रकल्पात घर पाहायला जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. सॅम्पल फ्लॅटच्या टाइल्स पाहून झाल्या की विक्री कार्यालयात विद्युत आराखडा मागा. रोहित्रे किती केव्हीएची, ती आपल्या इमारतीपासून किती मीटरवर, दुसऱ्या रोहित्राची जागा राखली आहे का, विद्युत पॅनेल पुराच्या पाण्यापेक्षा उंच आहे का, पार्किंगपर्यंत केबलचा रिकामा पाइप टाकला आहे का आणि गच्चीचा किती भाग सौर पॅनेलसाठी मोकळा ठेवला आहे, हे लेखी विचारा. पाया खोदण्याआधी हे सगळे नकाशावर बदलता येते. उत्तर मिळेपर्यंत बुकिंगचा धनादेश देऊ नका.